डीएफ एक सांगतं, डीयू दुसरंच: डिस्कच्या जागेचा हिशेब जुळत नाही तेव्हा

सर्व्हरवर जागा शिल्लक नसल्याचा एरर येतो. डिस्कची एकूण आणि मोकळी जागा सांगणारं डीएफ म्हणतं ९१ जीबी वापरले गेलेत. फाइलींनी घेतलेली जागा मोजणाऱ्या डीयूने अख्खी डिस्क चाळली तरी बेरीज भरते ४१ जीबीची. मधले ५० जीबी गेले कुठे? अशा वेळी घाईघाईने हाताला लागतील ते जुने लॉग उडवले जातात, आणि कधीकधी त्यानेच गुंता वाढतो. दोन्ही कमांड खरंच बोलत असतात, पण त्यांनी मोजलेली गोष्ट एक नसते.

डीएफ थेट फाइल सिस्टीमला विचारतं की तुझ्याकडे एकूण ब्लॉक (जागेचे ठरावीक तुकडे) किती आणि मोकळे किती. फाइल सिस्टीमने हा हिशेब आधीच ठेवलेला असतो, म्हणून दहा टीबीच्या डिस्कवरही उत्तर क्षणात येतं. डीयू मात्र डिरेक्टऱ्यांच्या झाडात शिरतं, एकेका फाइलपाशी थांबतं आणि तिने अडवलेले ब्लॉक बेरजेत टाकतं. म्हणजे नाव धरून जिथे पोचता येतं तेवढंच डीयूला दिसतं. जिचं नाव पुसलं गेलंय, जी दुसऱ्या माउंटखाली (डिरेक्टरीवर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कखाली) झाकली गेलीय किंवा जिच्यापर्यंत जायची परवानगी नाही, अशी जागा त्याच्या बेरजेत येत नाही. म्हणून शोध सुरू करताना आधी एवढंच पाहायचं: मोठा आकडा कुणाचा आहे? डीएफचा मोठा असेल तर कारणं वेगळी, डीयूचा मोठा असेल तर वेगळी.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ऑप्शनचं अक्षर कॅपिटल असेल तिथे तसं सांगितलं आहे. बाकी सगळी स्मॉल. उदाहरणं लिनक्सवरच्या जीएनयू कोअरयूटिल्सची (डीएफ, डीयू, एलएस अशा मूळ कमांडच्या संचाची) आहेत. मॅकवर काय बदलतं ते पुढे येईल.

आधी मोजमाप नीट करा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पुढच्या तीन कमांड याच क्रमाने द्या:

डीएफ -एचटी /
डीएफ -आय /
सुडो डीयू -एक्सएचडी१ / | सॉर्ट -एच

पहिलीतला टी कॅपिटल आहे; त्याने फाइल सिस्टीमचा प्रकार दिसतो. एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस की झेडएफएस हे कळल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. दुसरी कमांड आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागची फाइल सिस्टीममधली नोंद, किती वापरले ते दाखवते. तिसरीत एक्स महत्त्वाचा. तो नसेल तर डीयू वाटेत लागलेल्या प्रत्येक माउंटमध्ये शिरतं: दुसरी डिस्क, नेटवर्कवरचं शेअर, /प्रॉक, सगळीकडे. मग एका पार्टिशनच्या डीएफशी चार पार्टिशनच्या बेरजेची तुलना होते आणि आकडे जुळायचा प्रश्नच उरत नाही.

सुडोही (रूट म्हणजे प्रशासक युजरच्या अधिकाराने कमांड चालवणं) सोडू नका. साध्या युजरने डीयू चालवलं की बंद डिरेक्टऱ्यांसाठी ‘परमिशन डिनाइड’च्या ओळी येतात आणि त्या डिरेक्टऱ्यांच्या आतलं काहीच मोजलं जात नाही. या ओळींचा त्रास नको म्हणून एरर /डेव्ह/नलमध्ये ढकलायची सवय अनेकांना असते. हिशेब शोधताना ती सवय घातक आहे, कारण काय मोजलं नाही हे सांगणाऱ्या त्याच तर ओळी. दोन ठिकाणी मात्र सुडो देऊनही ‘परमिशन डिनाइड’ येतंच. एक, एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल सिस्टीमवर) सर्व्हरने रूट स्क्वॉश, म्हणजे बाहेरच्या रूटला साधा युजर मानायचा नियम, लावलेला असेल तर. दोन, एखाद्या युजरने स्वतःसाठी लावलेला फ्यूज माउंट (साध्या प्रोग्रॅमने चालवलेली फाइल सिस्टीम) असेल तर. /रन/युजरखालचा जीव्हीएफएस हे नेहमीचं उदाहरण. दुसऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, त्यात स्थानिक डिस्कची जागा नसते.

सुडोबरोबरचा आणखी एक चकवा: ‘सुडो डीयू -एसएच /रूट/*’ दिलं की अशी फाइलच नाही असं उत्तर येतं. तारांकन उलगडायचं काम तुमचं शेल करतं, तेही सुडो सुरू व्हायच्या आधी. शेलला /रूटमध्ये डोकावताच येत नाही, म्हणून तारांकन जसंच्या तसं डीयूच्या हाती पडतं. तारांकन टाळून -डी१ वापरा.

तारांकनाचा दुसरा दोष याहून जास्त छळतो. ‘डीयू -एसएच *’ मध्ये टिंबाने सुरू होणारी नावं येत नाहीत. होम डिरेक्टरीत सगळ्यात जाड तीच असतात: ब्राउझरचा आणि पॅकेजचा कॅशे, कचरापेटी, गिटचा इतिहास. बेरीज २ जीबी दिसते आणि डिरेक्टरी असते १८ जीबीची. ‘डीयू -एएचडी१ .’ दिलं की लपलेलंही सगळं येतं.

सॉर्ट करताना -एन नको, -एच हवं. -एन फक्त अंक बघतं, त्यामुळे ९००के हे २जीच्या खाली, म्हणजे जास्त मोठं म्हणून, जाऊन बसतं. आणि -एस बरोबर -डी१ दिलं तर जीएनयू डीयू दोन ऑप्शनांचा विरोध सांगून थांबतं. -एस म्हणजेच खोली शून्य; दोन्ही एकदम कशी चालतील?

डीएफ मोठं, डीयू लहान: पुसलेली पण उघडी फाइल

सर्व्हरवर सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार हाच. युनिक्समध्ये आरएम फाइल पुसत नाही, तिचं डिरेक्टरीतलं नाव पुसतं. ब्लॉक मोकळे व्हायला दोन गोष्टी लागतात: एकही नाव उरलेलं नसणं आणि कुठल्याही प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली नसणं. चालू वेब सर्व्हरचा ५० जीबीचा लॉग आरएमने उडवला की नाव जातं, डीयूचा आकडा झटक्यात खाली येतो, पण सर्व्हर त्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. डीएफ हलत नाही. उलट वाढतच जातं, आणि आता ती फाइल एलएसमध्येही दिसत नाही. लॉग उडवल्याने गुंता वाढतो तो असा.

हे एकदा हाताने करून पाहावं. होम डिरेक्टरीत, खऱ्या डिस्कवर:

एफॲलोकेट -एल १जी मोठी
स्लीप ६०० < मोठी &
आरएम मोठी
डीएफ -एच .

फाइल गेली, तरी डीएफ एक जीबी परत देत नाही. स्लीप काहीही वाचत नाहीये, पण त्याचा इनपुट त्या फाइलला जोडलेला आहे आणि तेवढं पुरतं. आता ‘सुडो एलएसओएफ +एल१’ द्या, एल कॅपिटल. ज्यांच्या नावांची संख्या एकपेक्षा कमी आहे, म्हणजे शून्य आहे, अशा उघड्या फाइलींची ही यादी. त्यात स्लीप, त्याचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), एफडीच्या (उघड्या फाइलीच्या क्रमांकाच्या) रकान्यात ‘०आर’, आकार १०७३७४१८२४ आणि शेवटी ‘डिलीटेड’ असं दिसेल. स्लीपला किल करा, पुन्हा डीएफ द्या: जागा परत.

खऱ्या सर्व्हरवर उपाय म्हणजे ती सेवा रीस्टार्ट करणं, किंवा लॉग नव्याने उघडायचा सिग्नल तिला ठाऊक असेल तर तो देणं. रीस्टार्ट शक्य नसेल आणि फाइल निव्वळ लॉगची असेल, तर चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या /प्रॉकमधून ती रिकामी करता येते. पीआयडी ४२१८ आणि एफडी ३ असेल तर:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/४२१८/एफडी/३

डेटाबेसच्या फाइलीवर हा प्रयोग चुकूनही नको. डेटाबेस स्वतःच्या तात्पुरत्या फाइली मुद्दाम अशा पुसून उघड्या ठेवतात. त्या रिकाम्या केल्या की चालू क्वेरी कोसळतात.

इथे एक बारकावा. प्रोग्रॅमने लॉग ‘अपेंड’ मोडमध्ये उघडलेला नसेल, तर रिकामा केल्यावरही तो आपल्या जुन्याच जागेपासून पुढे लिहितो. ५० जीबीपाशी होता, तर पुढची ओळ ५० जीबीच्या ठिकाणी जाते आणि आधीचा सगळा भाग पोकळ राहतो. एलएस -एल फाइल ५० जीबीची दाखवतं, डीयू काही केबी. जागा खरोखर मोकळी झालेली असते. एलएसकडे बघून पुन्हा घाबरू नका. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ वापरणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

एनएफएसवर हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. उघडी फाइल पुसली की क्लायंट तिचं नाव बदलून ‘.एनएफएस’ने सुरू होणारं करतो. ती फाइल हाताने पुसली तर लगेच दुसऱ्या नावाने परत येते. कुठली प्रोसेस तिला धरून आहे ते शोधा, ती थांबली की फाइल आपोआप जाते.

डीएफ मोठं, डीयू लहान: माउंटखाली गाडलेल्या फाइली

एलएसओएफमध्ये काही सापडलं नाही तर दुसरा संशय हा. समजा /बॅकअपवर वेगळी डिस्क माउंट होते. एके रात्री ती माउंट झाली नाही, पण बॅकअपची स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालली. /बॅकअप ही रूट पार्टिशनवरची साधी रिकामी डिरेक्टरी होती, तिच्यात ४० जीबी ओतले गेले. सकाळी डिस्क माउंट केली आणि ते ४० जीबी तिच्याखाली झाकले गेले. डीयू आता त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही. डीएफ मात्र ते मोजतंच.

माउंट न काढता खाली बघायची युक्ती:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ
सुडो डीयू -एक्सएचडी१ /एमएनटी/मूळ | सॉर्ट -एच

साधा बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या ठिकाणीही दाखवणारा) वरचे इतर माउंट सोबत नेत नाही, म्हणून /एमएनटी/मूळमध्ये रूट पार्टिशन उघडंबोडकं दिसतं. /एमएनटी/मूळ/बॅकअपसमोर ४० जीबी दिसले की चोर सापडला. ‘आरबाइंड’ देऊ नका, त्याने सगळे माउंट परत वर येतात आणि काही दिसत नाही. साफसफाई करताना पाथ दोनदा वाचा: /एमएनटी/मूळ/बॅकअपमधलं पुसायचंय, /बॅकअपमधलं नव्हे. शेवटी यूमाउंट करा आणि ते झाल्याची खात्री पटल्यावरच रिकामी डिरेक्टरी आरएमडीआयआरने काढा. आरएम -आरएफने कदापि नाही. बाइंड अजून लागलेला असेल तर ते अख्खं रूट पार्टिशन पुसत सुटेल.

पुन्हा असं होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १’ ही एक ओळ टाका. त्याहून पक्कं हवं असेल तर डिस्क काढलेली असताना रिकाम्या डिरेक्टरीवर ‘चॅटर +आय’ लावा. मग माउंट नसताना रूटलाही तिथे लिहिता येत नाही.

डीएफमधले यूज्ड आणि ॲव्हेल मिळून साइझ होत नाही

ही तक्रार नसून रचना आहे. एक्स्ट४ बनवताना डिफॉल्टने ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखले जातात. डीएफच्या ॲव्हेलमध्ये ते धरलेले नसतात. १ टीबीच्या नव्या डिस्कचा हिशेब असा: उत्पादकाचा १ टीबी म्हणजे १०००चे गुणक, डीएफ -एच १०२४चे गुणक वापरतं, म्हणून तेच ९३१ होतात. एक्स्ट४ दर १६३८४ बाइटमागे २५६ बाइटचा एक आयनोड आधीच आखून ठेवतं, म्हणजे सुमारे १.५६ टक्के, साडेचौदा जीबी तिथे जातात आणि साइझच्या रकान्यात ९१६च्या आसपास दिसतं. त्यातून राखीव ५ टक्के, सुमारे ४७ जीबी, गेले की रिकाम्या डिस्कवर ॲव्हेल ८७०च्या घरात येतं. काही चोरीला गेलेलं नाही.

यूज टक्केवारीही साइझवर नाही, यूज्ड आणि ॲव्हेलच्या बेरजेवर काढली जाते, आणि नेहमी वरच्या पूर्णांकाला नेली जाते. म्हणून ९७.१ टक्क्यांचं ९८ होतं आणि १०० टक्के दिसत असतानाही ॲव्हेलमध्ये थोडी जागा असू शकते. शिवाय १०० टक्के भरल्यावर साध्या युजरला लिहिता येत नाही पण रूटला येतं, तेही या राखीव जागेमुळेच. निव्वळ डेटाच्या मोठ्या डिस्कवर ‘टय़ून२एफएस -एम १’ ने ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही. रूट पार्टिशनवर तिला हात लावू नये. डिस्क भरल्यावर आत शिरून साफसफाई करायला तीच उपयोगी पडते.

व्हॉल्यूम वाढवूनही डीएफ जुनाच आकडा दाखवत असेल, तर डिव्हाइस वाढलं पण फाइल सिस्टीम वाढलेली नाही. एलएसबीएलकेमध्ये नवा आकार दिसतो का बघा, मग एक्स्ट४साठी रिसाइझ२एफएस, एक्सएफएससाठी एक्सएफएस_ग्रोएफएस.

जागा आहे, तरी ‘जागा नाही’

डीएफ -एच ४० टक्के मोकळं दाखवतं आणि टच केलं तरी नवी फाइल बनत नाही. डीएफ -आय बघा. एक्स्ट४मध्ये आयनोडची संख्या फॉर्मॅटच्या वेळीच ठरते: १०० जीबीवर ६५,५३,६००. सेशनच्या, मेलच्या रांगेतल्या किंवा कॅशेच्या चिमुकल्या फाइली लाखोंनी साचल्या की आकडा संपतो. कुठे साचल्यात ते ‘सुडो डीयू --आयनोड्स -एक्सडी१ / | सॉर्ट -एन’ सांगतं. इथे -एच नाही म्हणून -एन बरोबर. आयनोड नंतर वाढवता येत नाहीत, फाइल सिस्टीम तरी वाढवा किंवा नव्याने बनवा. बीटीआरएफएसवर डीएफ -आय शून्य दाखवतं. तिथे ठरलेली संख्याच नसते, बिघाड समजू नका.

लाखो फाइली पुसूनही ती डिरेक्टरी स्वतःच काही एमबीची राहिली, तर एक्स्ट४वर तेही स्वाभाविक. डिरेक्टरीची यादी फुगते पण फाइली गेल्यावर आकसत नाही. नवी डिरेक्टरी बनवून उरलेलं तिच्यात हलवलं की प्रश्न मिटतो.

डीयूच मोठं निघालं तर

आधी -एक्स दिलंय ना ते पाहा. नसेल तर पुढचं वाचायची गरज बहुधा पडणार नाही. मग पाहा की --अपॅरंट-साइझ किंवा -बी तर दिलेलं नाही. हे ऑप्शन अडवलेले ब्लॉक न मोजता फाइलीची नावापुरती लांबी मोजतात. ‘ट्रंकेट -एस १०जी पोकळ’ ने बनवलेली फाइल एलएस -एलमध्ये १०७३७४१८२४० बाइटची दिसते आणि डीयूमध्ये शून्य. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क इमेज नेमक्या अशाच असतात. अशी फाइल आरसिंकने -एस (कॅपिटल) न देता हलवली की पलीकडे ती खरोखर भरते आणि ‘कॉपी मूळापेक्षा मोठी कशी’ हा प्रश्न उभा राहतो. भरलेले शून्याचे पट्टे परत पोकळ करायला ‘एफॲलोकेट -डी’ आहे.

उलट, बारीक फाइलींच्या ढिगात डीयू एलएसपेक्षा मोठं निघतं. ४०९६ बाइटच्या ब्लॉकवर २० बाइटची फाइलही ४ केबी खाते. अशा दहा हजार फाइली म्हणजे मजकूर २ लाख बाइट, डिस्कवर सुमारे ३९ एमबी.

एकाच ब्लॉकवर अनेकांचा हक्क असेल तेव्हा डीयू गोंधळतं, आणि किती गोंधळतं ते फाइल सिस्टीमवर अवलंबून. हार्ड लिंक (त्याच फाइलीला दिलेलं आणखी एक नाव) त्याला ओळखता येते. एक्स्ट४वर क आणि ख अशा दोन डिरेक्टऱ्या करा, क मध्ये डीडीने १०० एमबीची फाइल बनवा, एलएनने तिची हार्ड लिंक ख मध्ये द्या आणि ‘डीयू -एसएच क ख’ म्हणा:

१०१एम क
४.०के ख

आता फक्त ‘डीयू -एसएच ख’ म्हणा. उत्तर १०१एम. क्रम उलटा करून ‘ख क’ दिलं तर ४.०के क च्या वाट्याला येतं. एका चालीत डीयू एक आयनोड एकदाच मोजतं. जो आधी भेटला त्याच्या नावावर खर्च. हार्ड लिंकवर चालणाऱ्या रोजच्या बॅकअपमध्ये पहिल्या दिवसाची डिरेक्टरी अवाढव्य आणि बाकीच्या किरकोळ दिसतात त्या यामुळे. पहिली उडवून फारशी जागा सुटत नाही हेही त्यातूनच आलं. (१०० ऐवजी १०१ का? डिरेक्टरीचे स्वतःचे ४ केबी मिळाले आणि -एच नेहमी वरच्या आकड्याला नेतं.)

रीफ्लिंक मात्र डीयूला कळतच नाही. बीटीआरएफएसवर किंवा रीफ्लिंक चालू असलेल्या एक्सएफएसवर सीपी केलेली प्रत मूळ फाइलीचेच ब्लॉक वापरते, डीयू दोन्ही पूर्ण मोजतं. कोअरयूटिल्स ९.०पासून, म्हणजे २०२१पासून, सीपी न सांगताच असं करतं. त्यामुळे तीच स्क्रिप्ट जुन्या आणि नव्या मशीनवर वेगळा हिशेब दाखवते. बीटीआरएफएसवर ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम डीयू’ वापरा, त्यात सामायिक भाग वेगळा दिसतो.

कॉम्प्रेशनची गंमत अशी की बीटीआरएफएसवर डीयू न दाबलेला आकार सांगतं आणि झेडएफएसवर दाबलेला. एका मशीनवरून दुसऱ्यावर डेटा हलवताना आकडे ताडून पाहायचे असतील तर चेकसम करा, डीयूवर विसंबू नका. झेडएफएसवर नुकत्याच लिहिलेल्या फाइलीचा डीयू काही सेकंद नगण्यही येतो, कारण ब्लॉक अजून डिस्कवर गेलेले नसतात. आणि दोन्हींवर स्नॅपशॉट (एखाद्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) असतील तर फाइल पुसून जागा सुटणार नाही. झेडएफएसवर ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’ मध्ये स्नॅपशॉटचा रकाना आधी बघावा.

कंटेनरच्या मशीनवर डॉकरची ओव्हरले२ डिरेक्टरी -एक्सशिवाय मोजली की चालू कंटेनरचे एकत्रित माउंट वरून पुन्हा मोजले जातात आणि आकडा डिस्कपेक्षाही मोठा येऊ शकतो. ‘डॉकर सिस्टम डीएफ’ हा तिथला खरा हिशेब.

त्याच डिरेक्टरीचा आकडा दुप्पट किंवा निम्मा

गुणोत्तर नेमकं दोन असेल तर युनिट तपासा. जीएनयू डीयू डिफॉल्टने १०२४ बाइटच्या एककात मोजतं, मॅकवरचं आणि बीएसडीवरचं ५१२च्या. लिनक्सवरही पॉझिक्सली_करेक्ट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागलेला असला की ५१२ होतं; डीयू_ब्लॉक_साइझ, ब्लॉक_साइझ आणि ब्लॉकसाइझ हे तिघेही आकडा फिरवतात. स्क्रिप्टमध्ये -के नेहमी स्पष्ट लिहा. आणि फरक ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर कुठेतरी १००० आणि १०२४ची गल्लत आहे: जीएनयू डीयूमध्ये --एसआय, डीएफमध्ये कॅपिटल एच. मॅकवर एपीएफएसचे (तिथल्या फाइल सिस्टीमचे) अनेक व्हॉल्यूम एकाच कंटेनरची जागा वाटून घेतात, म्हणून प्रत्येकासमोर तीच मोकळी जागा दिसते. ती एकमेकांत मिळवू नका.

सिमलिंकवर (दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीवर) डीयू दिलं आणि शून्य आलं, तर ते लिंकचाच आकार सांगतंय. नावापुढे तिरकी रेघ द्या किंवा -डी (कॅपिटल) लावा.

डीएफ अडकून बसतं

नुसतं ‘डीएफ’ प्रत्येक माउंटला विचारतं. त्यात एखादा एनएफएस सर्व्हर मेलेला असेल तर कमांड तिथेच गोठते, कंट्रोल-सीलाही कधीकधी दाद देत नाही. ‘डीएफ -एचएल’ फक्त स्थानिक फाइल सिस्टीम घेतं. अडकवणारा माउंट शोधायला /प्रॉक/माउंट्स कॅटने वाचा; ते कुणाला काही विचारत नाही, म्हणून अडकतही नाही. त्यातल्या एनएफएसच्या एकेका ओळीवर ‘टाइमआउट ५ डीएफ’ लावून पाहा आणि जो परत येत नाही तो ‘यूमाउंट -एल’ ने सोडवा. मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं डीएफ लिहिलेलं असेल तर तेही याच वेळी -एल लावून बदला, नाहीतर दर पाच मिनिटांनी एक गोठलेली प्रोसेस जमा होत जाते आणि लोड ॲव्हरेज विनाकारण चढत राहतं.